भुऱ्याचा नववा दिवस

येळवसच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या दिवशी लातुरात माणूस शोधून सापडत नाही. दाळमिला बंद, मोंढा बंद, क्लासच्या पोरांच्या खानावळीसुद्धा बंद. ज्याला रान आहे तो आपल्या रानात जातो, ज्याला नाही त्याला कुणीतरी ओढून आपल्या रानात नेतं, आणि दिवसभर पालेभाज्या न् शेंगांची भज्जी खायची, वर आंबील प्यायची. अशा दिवशी सकाळी दहा वाजता मल्लिनाथ आप्पा रेणापूर रोडवरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये रिकाम्या पिंजऱ्यासमोर उभे होते.

त्या पिंजऱ्यात काल संध्याकाळपर्यंत भुऱ्या नावाचं कुत्रं होतं. आता नव्हतं. ते जिवंत आहे की मेलं, यावर आप्पांचा जीव टांगलेला होता. बोलायची पद्धत म्हणून सांगत नाही, खरोखरच टांगलेला होता.

आता बावन्न वर्षांच्या किराणा दुकानदाराला जखमी जनावरांच्या शेडमध्ये यायचं कारण काय, असं कुणीही विचारील. शिवम्मा, म्हणजे त्यांची बायको, दोन वर्षं हेच विचारत होती. कारण आप्पा कुत्र्याला भीत होते. साधंसुधं नाही, रस्त्यात कुत्रं बसलेलं दिसलं तर गल्ली बदलायचे. सात वर्षांचे असताना गावाकडं त्यांनी एक पिसाळलेलं कुत्रं चावलेला माणूस बघितला होता. गोठ्यात बांधून ठेवलेला. कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढं केला आणि तो माणूस जे ओरडला, ते आप्पांच्या कानातून अजून गेलेलं नाही.

असा हा माणूस. दोन वर्षांमागं त्यांच्या दुकानासमोर एका कुत्रीला टेंपोनं उडवलं. ती पायरीजवळ येऊन पडली, आप्पांकडं बघत राहिली, आणि आप्पा हातात मापटं धरून नुसते उभे. तेवढ्यात एक पोरगी गाडीवरून उतरली, ओढणीत कुत्रीला गुंडाळलं आणि उचललं. ती धम्मप्रिया. जनावरांच्या दवाखान्यात कामाला होती आणि चार माणसं गोळा करून हे शेड चालवत होती. आप्पांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणाले, "ताई, मला हात लावू वाटला हो, पण मला लई भ्या वाटतंय."

"मग लावू नका हात," ती म्हणाली. "आमच्यात हात न लावणाऱ्यालाबी काम हाय."

आणि खरंच होतं. एकजण आपली रिक्षा घेऊन यायचा. गुरम्मा मावशी रोज पातेलंभर भात शिजवायची. कुणी दोन पिल्लं महिनाभर घरी सांभाळायचं, कुणाला रविवारी नुसते पिंजरे धुवायला जमायचं. आप्पांच्या वाट्याला फोन आला. गल्ल्यावर बसल्या बसल्या उचलायचा, वहीत लिहायचं. नाव, गाव, काय झालं. कुत्रं चावल्याचा फोन असला तर आणखी चार प्रश्न: कधी चावलं, साबणानं धुतलं का, सुई घेतली का, आणि नसंल घेतली तर का नाही. या शेवटच्या प्रश्नावर तर आप्पांची जीभ तलवारीसारखी चालायची. "अहो, बाप्या माणूस ना तुम्ही? सुईला काय भ्यायचं! मुंगी चावल्यावानी असतंय. उठा आधी, दवाखाना गाठा!" फोनवर वाघ होते आप्पा.

शेडचा एक नियम भिंतीवर रंगवून लिहिला होता. इथल्या जनावरानं कुणाला चावलं, नुसतं दाताचं खरचटलं, तरी त्याच दिवशी वहीत नोंद करायची, माणसानं त्याच दिवशी सुई घ्यायची आणि पिंजऱ्याला लाल फडकं बांधायचं. लाल फडकं म्हणजे ते जनावर दहा दिवस हलवायचं नाही, त्याच्याजवळ कुणी जायचं नाही. कुत्रं पिसाळलेलं असलं तर दहा दिवसांत मरतंच.

भुऱ्या आला तो पाय मोडलेला, मार्केट यार्डाकडून. कुणाचा, कुठला, काही पत्ता नाही. आप्पा सकाळी वही ठेवायला शेडवर आले होते. दोन वर्षांत जरा धीर आला होता, काय अवदसा आठवली कुणास ठाऊक, पाण्याचं भगुनं स्वतः आत सरकवायला गेले. भुऱ्यानं दुखऱ्या पायाच्या कळेत तोंड फिरवलं. मनगटावर एक रेघ उमटली. बोटभर लांब, रक्ताचे चार थेंब.

आप्पांनी पंधरा मिनिटं साबणानं हात धुतला. नियम पाठच होता. घरी येऊन वर भस्म चोळलं, पूर्ण बाह्यांचा सदरा घातला आणि गप बसले. वहीत नोंद नाही, लाल फडकं नाही, सुई नाही. स्वतःशी म्हणाले, कुत्रं दहा दिवस जगलं की मिटलं, मग कशाला बोंब मारायची? अर्धा नियम पाळला आणि अर्धा गिळून टाकला या शहाण्यानं. फोनवरच्या वाघाची पार शेळी झाली. सुई दुखती म्हणून नाही. सुई घेतली म्हणजे ते खरं झालं, असं त्यांना वाटायचं. दवाखान्याच्या कागदावर आपलं नाव आणि शेजारी तो रोग, हे डोळ्यांपुढं आलं की ते सदऱ्याची बाही आणखी खाली ओढायचे.

मग रोज पहाटे उठून आप्पा तांब्याभर पाणी भरायचे आणि त्याच्याकडं बघायचे. भीती वाटते का पाण्याची? मग घोट घ्यायचे. उतरला. दुसरा घोट. जरा अडकल्यासारखा झाला का? शिवम्मानं एकदा विचारलंही, "अवो, पाण्याकडं काय बघत बसलाव? आळ्या पडल्यात का त्यात?" आप्पा म्हणाले, काही न्हाई. रोज शेडवर जाऊन भुऱ्या उभा आहे ना एवढं लांबून बघून यायचे. सातव्या दिवशी भुऱ्यानं खाणं सोडलं. आठव्या दिवशी पाणीसुद्धा तसंच, वर माशी तरंगत असलेलं, आणि भुऱ्या कोपऱ्यात तोंड घालून पडलेला. त्या रात्री आप्पांचा डोळ्याला डोळा लागला नाही.

आणि आज नववा दिवस, येळवस. शिवम्मा पहाटेच सगळं घेऊन रानात गेली होती. नांदेडहून लेक अंजू आली होती, तिची पाच वर्षांची अक्षरा होती. आप्पांनीच शेडच्या सगळ्यांना रानात बोलावलं होतं, "ज्याला रान न्हाई त्यानं आमच्या रानात यायचं" म्हणून. स्वतः म्हणाले, जनावरांना पाणी दावून दुपारपर्यंत येतो. खरं तर भुऱ्याला बघायला आले होते.

आणि पिंजरा रिकामा.

पहिल्यांदा मनात आलं तेच आलं. मेला. रात्रीत मेला आणि कुणीतरी पुरला. शेडच्या मागं मेलेली जनावरं पुरायची जागा होती. आप्पा तिकडं गेले. माती ताजी होती. वर दोन दगड ठेवलेले.

रस्त्यावर एक गाडी नाही, लांब कुठं माणसाचा आवाज नाही. शेडमधली कुत्रीसुद्धा का कोण जाणे गप होती. आप्पांनी खोरं घेतलं. पहिला घाव दगडावरच बसला. वीतभर खाली पोत्याचं टोक लागलं. महादेवा, महादेवा, म्हणत त्यांनी ते ओढलं. पोत्याचं तोंड सुतळीनं बांधलेलं. सोडावं की न सोडावं? न सोडून जायचं कुठं? डोळे मिटूनच गाठ सोडली, मग एक डोळा किलकिला केला.

पांढरा पंजा. मांजराचा.

आप्पा तिथंच मातीत बसले. हसावं की रडावं कळेना. बिचाऱ्या मांजराला परत पुरलं, हात जोडले आणि पिंजऱ्याकडं परत आले. तेव्हा कुठं दिसलं की खुंटीवरची दोरी नाही, भुऱ्याचं पाण्याचं भगुनंही नाही. म्हणजे कुणीतरी त्याला घेऊन गेलं होतं. कोण? कुठं? धम्मप्रियाला फोन लावला, लागेना. गुरम्मा मावशीला लावला, लागेना. येळवसला कुणाचा लागणार? सगळी माणसं रानात, आणि रानात रेंजचा भरवसा नाही.

आणि तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोनच वाजला. आप्पा दचकले.

"मी अण्णाराव बोलतोय, शिरूर अनंतपाळहून," तिकडून आवाज आला. "वळखलं का? गेल्या हप्त्यात तुम्ही मला लई बोललाव बघा फोनवर. कुत्रं चावलं होतं मला."

"हाव, हाव. बोला की."

"ते कुत्रं मेलं हो. चौथ्या दिवशी. पिसाळलेलंच होतं म्हणले डॉक्टर. मी तर चुना लावून बसणार होतो. तुम्ही शिव्या घातल्या म्हणून उठलो अन् सुया घेतल्या." अण्णारावचा आवाज दाटला. "आज लेकरंबाळं घेऊन रानात बसलोय. म्हणलं, आधी आप्पाला फोन करावा. तुमच्यामुळं हाय मी."

आप्पांच्या घशात काहीतरी आवळून आलं होतं. ते भीतीनं आवळलं होतं की दुसऱ्या कशानं, हे त्यांना कळेना, आणि ते कळेना म्हणून आणखीच आवळलं. "बरं, बरं" म्हणून फोन ठेवला. कोपऱ्यात रांजण होता. त्यातनं पेलाभर पाणी घेतलं आणि प्यायला गेले, तर अर्धं सदऱ्यावर सांडलं. उरलेलं प्याले. उतरलं. पण ठसका लागला, आणि त्या ठसक्यानं माणूस पांढराफटक पडला.

फोन पुन्हा वाजला. शिवम्मा. आवाज तुटत तुटत येत होता.

"अवो, कुठं हाव? समदे आले... गुरम्मा मावशीबी आली. त्या भुऱ्याला घेऊन आलीय... खाईना म्हणं पिंजऱ्यात... अक्षरा तर त्याला सोडंना, नुसती..."

"शिवम्मा! पोरीला लांब कर! ऐकायलीस का? लांब कर त्याला!"

फोन कधीच कटला होता.

यापुढं आप्पांनी स्कूटर कशी काढली, शेडचं दार लावलं की उघडंच टाकलं, हे त्यांना नंतर कितीही विचारलं तरी आठवलं नाही. रान बारा किलोमीटर. रस्ता मोकळा होता, दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, जागोजाग कडब्याच्या, खोपटासारख्या कोपी आणि त्यांच्या पुढं गोल करून बसलेली माणसं. "आप्पा, या जेवायला!" असं दोन ठिकाणांहून कुणी ओरडलंसुद्धा. आप्पांना एकच दिसत होतं. पिंजऱ्याला लाल फडकं असतं तर गुरम्मानं भुऱ्याला हात लावला नसता. फडकं नव्हतं. कुणामुळं नव्हतं? आपला जीव गेला तर गेला, बावन्न वर्षं जगलो, पण ती पाच वर्षांची पोर! चावलं असंल का तिला? या भाड्याला काय झालं होतं तोंड उघडायला, असं ते स्वतःलाच म्हणत होते, अगदी मोठ्यानं, स्कूटरवर.

बांधावर स्कूटर टाकली तशीच, आडवी. हरभऱ्यातून पळत सुटले. कोपीपुढं सगळे बसले होते, धम्मप्रिया, गुरम्मा मावशी, अंजू, शिवम्मा भज्जी वाढत होती. आणि कोपीच्या सावलीत, भुऱ्याच्या गळ्यात हात टाकून, अक्षरा.

"सोड त्याला!" आप्पा ओरडले. "सोड म्हणतो ना! अंजू, उचल तिला!"

आज्ज्याचा असला आवाज पोरीनं कधी ऐकला नव्हता. तिनं भोकाडच पसरलं. अंजूनं झडप घालून तिला उचललं. भुऱ्या तीन पायांवर उठला आणि घाबरून गुरम्माच्या मागं गेला.

"काय झालं, आप्पा?" धम्मप्रिया उभी राहिली.

आप्पांनी सदऱ्याची बाही वर केली. रेघ आता काळी पडली होती. "ह्यानं चावलंय मला. आज नववा दिवस हाय. म्या कुणाला सांगितलं न्हाई."

शिवम्माच्या हातातली पळी तशीच राहिली. मग गुरम्मा मावशी कपाळावर हात मारून म्हणाली, "आगाई गं! मी तर म्हणलं, सणासुदीला बिचारं एकटंच उपाशी कशाला, रानात चार घास तरी खाईल..."

अक्षरा आईच्या खांद्यावरून मुसमुसत म्हणाली, "आज्ज्या, त्यानं काही नाही केलं. माझा बाऊ चाटला फक्त."

"कसला बाऊ?" अंजूनं विचारलं.

पोरीनं गुडघा दाखवला. सकाळी बांधावर पडली होती. कातडं सोललेलं, अजून ओलं. उघड्या जखमेला लाळ लागली म्हणजे चावल्यासारखंच.

आप्पा मटकन खाली बसले. ढेकळं टोचली तरी त्यांना कळलं नाही. धम्मप्रिया तेवढी जागची हलली. बॅगेतून साबण काढला, पोरीला बोअरच्या पाण्याखाली उभं केलं आणि गुडघा धुवायला बसली. पाच मिनिटं, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. पोर रडत होती, पाणी वाहत होतं, आणि आप्पा ढेकळांवर बसून हे सगळं बघत होते. एवढी मोठी शिक्षा त्यांना आयुष्यात कुणी दिली नसेल.

"आणि ह्याचं काय, ताई?" गुरम्मानं भीत भीत भुऱ्याकडं बोट केलं. "दोन दिवस पाणीसुद्धा पीत नव्हतं हे."

धम्मप्रियानं सगळ्यांना लांब उभं केलं. भुऱ्याला दोरीनं बाभळीला बांधलं. मग काठीनं एक भगुनं हळूहळू त्याच्यापुढं सरकवलं. आंबिलीचं. सगळ्यांचे डोळे त्या भगुन्यावर. आप्पांना पुन्हा तो गोठा दिसला, तो तांब्या दिसला, आता भुऱ्या ओरडणार म्हणून त्यांनी कान झाकून घेतले.

भुऱ्यानं हुंगलं. मान बाजूला केली. परत हुंगलं. आणि मग लपलप, लपलप, भगुनं तळापर्यंत चाटून पुसून घेतलं आणि शेपूट हलवत आणखी मागायला लागला.

"पायात पू झालाय ह्याच्या, म्हणून खात नव्हतं," धम्मप्रिया त्याच्या सुजलेल्या पायाकडं बघत म्हणाली. "बहुतेक काही नसंल, आप्पा. पण नुसत्या बहुतेकवर मी पोरीला सोडणार न्हाई, अन् तुम्हालाबी न्हाई. उठा."

भरल्या ताटावरून सगळे उठले. शेडच्या माणसाची रिक्षा बांधावर उभी होतीच. सरकारी दवाखान्यात सणामुळं एकच डॉक्टर आणि एक सिस्टर. आप्पांनी आधी आपला दंड पुढं केला, मग डोळे गच्च मिटून घेतले. सुई गेली कधी, आली कधी, कळलंच नाही. मग अक्षराची पाळी. ती आज्ज्याचं बोट धरून बसली आणि "मुंगी चावली" एवढंच म्हणाली. आप्पांना तिच्याकडं बघवेना.

बाहेर बाकावर धम्मप्रियानं बॅगेतली शेडची वही उघडली. आप्पांचीच वही, त्यांच्याच अक्षरातली. "नोंद करावी लागंल, आप्पा."

"लिही."

"नाव न् गाव मला ठाऊक हाय. कधी चावलं?"

"नऊ दिवस झाले."

"साबणानं धुतलं?"

"धुतलं. पंधरा मिनिटं."

"सुई घेतली का त्या दिवशी?"

"न्हाई."

तिनं पेन थांबवलं. पुढचा प्रश्न विचारावा की नको, असं तिला झालं. आप्पांनीच तो स्वतःला विचारला. "का न्हाई," असं म्हणाले. या प्रश्नावर त्यांनी आजवर शंभर माणसांना झाडलं होतं.

"भ्यालो," ते म्हणाले. "लिही तसंच. भ्यालो म्हणून."

धम्मप्रियानं लिहिलं. दुसऱ्या दिवशी भुऱ्याचा दहावा दिवस सरळ पार पडला, अकरावाही, आणि पुढं तो बरा होऊन गुरम्माच्या दारातच राहिला. पण त्या दुपारी बाकावर बसलेल्या कुणालाच हे ठाऊक नव्हतं. शिवम्मा रानातून निघाल्यापासून एक शब्द बोलली नव्हती. आप्पांना वाटलं, आता बोलेल, आता सगळं काढेल, शेड, फोन, दोन वर्षं. ती सरकून त्यांच्या जवळ आली. त्यांचं मनगट हातात घेतलं, त्या काळ्या रेघेवरून बोट फिरवलं.

"नऊ दिवस पाण्याकडं बघत बसलाव एकटेच," ती म्हणाली. "मला सांगायचं होतं की. दोघं मिळून भ्यालो असतो."